कुटुंबातील नाती आणि इंग्रजी जोडक्रियापदे : एक अभ्यासपाठ

कुंडलिका नदीच्या काठी वसलेले रोहा हे रायगड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. एका बाजूस भातशेती, दुसऱ्या बाजूस धाटावची औद्योगिक वसाहत आणि जेथून कोकण रेल्वेचा मार्ग पुढे दक्षिणेकडे जातो ते रेल्वे स्थानक, अशी या गावाची आजची ओळख आहे. येथील कुटुंब आता एकाच उंबरठ्याच्या आत राहिलेले नाही. घरातील एक भाऊ शेतीवर, दुसरा मुंबईत आणि तिसरा परदेशात, ही स्थिती सर्रास आढळते. रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीतील अनेक घरांतून १९७० नंतरच्या काळात माणसे नोकरीसाठी आखाती देशांत गेली. शेजारच्या पेण तालुक्यात घडविलेल्या गणेशमूर्ती तर समुद्रापलीकडील मराठी घरांतही पुजल्या जातात.

घरातील गोष्ट इंग्रजीतून सांगण्याचा प्रसंग पूर्वी क्वचित येई. आज तो वारंवार येतो. परदेशी जाणाऱ्या मुलाचा अर्ज असो, शिष्यवृत्तीसाठी लिहावयाची कौटुंबिक माहिती असो, की परदेशात वाढलेल्या नातवंडांना पाठवावयाचे पत्र असो, गावातील माणसे शिक्षकांकडे, पंचायत सदस्यांकडे किंवा कचेरीतील ओळखीच्या कर्मचाऱ्याकडे येतात आणि "एवढे इंग्रजीत लिहून द्या," असे सांगतात. लिहून देणाऱ्यास कचेरीचे इंग्रजी चांगले अवगत असते. "मला आपणास कळवावयाचे आहे की" या थाटाची वाक्ये त्याच्या हातून सहज उतरतात. परंतु "हिला मामाने वाढविले", "दोघा भावांचे बिनसले होते, आता जुळले आहे", "ही अगदी आत्याच्या वळणावर गेली आहे" अशी साधी घरगुती वाक्ये आली की लेखणी थबकते. ही अडचण कोठून येते आणि ती कशी दूर करता येईल, याचा विचार या पाठात करावयाचा आहे.

नामांची श्रीमंती, क्रियापदांची श्रीमंती

मराठी भाषेत नात्यांसाठी स्वतंत्र नामे विपुल आहेत. काका, मामा, आतोबा आणि मावसा या चौघांना इंग्रजीत "अंकल" हा एकच शब्द पुरतो. काकू, मामी, आत्या आणि मावशी या साऱ्या "आंट" होतात. दीर, मेहुणा व भावोजी यांना "ब्रदर-इन-लॉ" या एकाच गाठोड्यात बांधले जाते. जाऊ, नणंद, भावजय व मेहुणी यांचेही तसेच. व्याही आणि विहीण यांना तर रूढ इंग्रजी शब्दच नाही. म्हणून मराठी माणसास प्रथम असे वाटते की, नात्यांच्या बाबतीत इंग्रजी ही दरिद्री भाषा असावी.

हा समज अर्धाच खरा आहे. नाते कोणते, हे सांगण्यास इंग्रजीजवळ शब्द थोडे आहेत. पण त्या नात्यात काय घडले, हे सांगण्यास तिच्याजवळ लहान लहान क्रियापदांचा मोठा साठा आहे. "ब्रिंग", "लुक", "टेक", "फॉल", "मेक", "ब्रेक", "पुट" अशी नेहमीची क्रियापदे घ्यावयाची आणि त्यांना "अप", "डाऊन", "आफ्टर", "आउट", "ऑफ" असे एखादे शेपूट जोडावयाचे, की नवाच अर्थ उभा राहतो. अशा क्रियापदास इंग्रजी व्याकरणात "फ्रेजल व्हर्ब" म्हणतात. प्रस्तुत लेखात सोयीसाठी त्यास "जोडक्रियापद" असे म्हटले आहे.

ही नावाची परिभाषा तशी अलीकडची आहे. लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी १९२५ साली प्रसिद्ध केलेल्या "वर्ड्स अँड इडियम्स" या ग्रंथात ती वापरली आणि ती हेन्री ब्रॅडली यांनी सुचविल्याचे नमूद केले. तथापि अडचण जुनीच आहे. १७५५ साली आपला इंग्रजी कोश सिद्ध करणारे डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी कोशाच्या प्रस्तावनेतच असे सांगून ठेवले आहे की, क्रियापदापुढे लहानसा शब्द येऊन अर्थ पालटण्याची ही रीत परकीयांना सर्वांत अवघड जाते. तेव्हा रोह्याच्या किंवा पेणच्या विद्यार्थ्यास ती अवघड वाटली, तर त्यात त्याच्या बुद्धीचा दोष नाही.

आपल्या घरचेच उदाहरण

वस्तुतः ही रीत आपल्याला सर्वस्वी अपरिचित नाही. संस्कृतच्या विद्यार्थ्यास "हृ" हा धातू ठाऊक असतो. त्यास निरनिराळे उपसर्ग लागले की आहार, विहार, प्रहार, संहार आणि परिहार असे परस्परांपासून फार दूरचे अर्थ निर्माण होतात. संस्कृतात हा बदल घडविणारा शब्द धातूच्या आधी येतो, इंग्रजीत तो मागून येतो, एवढाच फरक.

मराठीत तर संयुक्त क्रियापदे पदोपदी भेटतात. "बोलणे" हे साधे क्रियापद पाहावे. मनात साठलेले एकदाचे "बोलून टाकले", नको ते "बोलून बसला", दोघांनी आधीच "बोलून घेतले", मनातील सल "बोलून दाखविला". या चारही वाक्यांत बोलण्याची क्रिया तीच. परंतु पहिल्यात मोकळेपणा, दुसऱ्यात पश्चात्ताप, तिसऱ्यात पूर्वतयारी आणि चौथ्यात भावनेचे प्रकटीकरण आहे. "बोलून बसला" यातील "बसला" याचा खुर्चीवर बसण्याशी काही संबंध नाही, हे मराठी मुलास कोणी शिकवावे लागत नाही. मराठी शिकणाऱ्या परकीयाची मात्र येथे तीच गाळण उडते, जी "फॉल आउट" वाचून आपली उडते. शिक्षकांनी वर्गात प्रारंभी हे साम्य दाखवून दिल्यास विद्यार्थ्यांची भीती बरीच कमी होईल.

रोह्याशी ज्यांचे नाव जोडलेले आहे, ते डॉ. चिंतामणराव देशमुख १९१२ साली मॅट्रिकच्या परीक्षेत पहिले आले आणि संस्कृतासाठीच्या जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीचे मानकरी ठरले. पुढे केंब्रिज येथे शिकून १९१८ साली ते आय.सी.एस. परीक्षेतही पहिले आले. मराठी घर, संस्कृतची बैठक आणि इंग्रजीवर प्रभुत्व या तीन गोष्टी एका ठिकाणी नांदू शकतात, याचे हे जवळचे उदाहरण होय. आपल्या भाषेची घडण जाणणाऱ्यास परक्या भाषेची घडण ओळखण्याचे साधन हाती आधीच असते.

संगोपन आणि वाढ

आता प्रत्यक्ष पाठाकडे वळू. जीवनाच्या क्रमाने ही क्रियापदे घेतल्यास ती ध्यानात राहणे सोपे जाते.

पहिली जोडी "ब्रिंग अप" आणि "ग्रो अप" यांची. "ब्रिंग अप" म्हणजे लहानाचे मोठे करणे. "ग्रो अप" म्हणजे लहानाचे मोठे होणे. वाढविणारा तो "ब्रिंग्ज अप", वाढणारा तो "ग्रोज अप". "हर ग्रँडमदर ब्रॉट हर अप" म्हणजे "तिला आजीने वाढविले". "शी ग्रू अप इन रोहा" म्हणजे "ती रोह्यात लहानाची मोठी झाली". "आय ग्रू अप माय सन" ही वाक्यरचना चुकीची आहे. येथे पंचायत सदस्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. सभेच्या संदर्भात "ब्रिंग अप" याचा अर्थ विषय काढणे असा होतो. "ही ब्रॉट अप द वॉटर क्वेश्चन" म्हणजे "त्याने पाण्याचा प्रश्न उपस्थित केला". मूल असेल तर वाढविणे, प्रश्न असेल तर काढणे, हे कर्मावरून ओळखावे.

"लुक आफ्टर" म्हणजे सांभाळणे, काळजी घेणे. "लुक फॉर" म्हणजे शोधणे. एका शेपटाने माणूस सांभाळला जातो किंवा हरवतो. "टेक आफ्टर" म्हणजे घरातील वडीलधाऱ्या माणसाच्या वळणावर जाणे. रूपाने, स्वभावाने किंवा सवयीने. "शी टेक्स आफ्टर हर आंट" या वाक्यास आपली "आत्याच्या वळणावर गेली" ही बोली नेमकी जुळते. मात्र हे क्रियापद रक्ताच्या नात्यापुरतेच योजावे. शिष्य गुरूसारखा झाला, तर तेथे ते शोभत नाही. "नेम आफ्टर" म्हणजे एखाद्याच्या नावावरून नाव ठेवणे. आजोबांचे नाव नातवास ठेवण्याची आपली पद्धत या क्रियापदाने सहज सांगता येते.

जिव्हाळा, आदर आणि आधार

"गेट ऑन विथ" म्हणजे एखाद्याशी पटणे, जमणे. "शी गेट्स ऑन विथ हर मदर-इन-लॉ" म्हणजे "तिचे सासूशी चांगले पटते". "सेटल डाऊन" म्हणजे भटकंती संपवून स्थिर होणे, संसाराला लागणे. मुंबईत दहा वर्षे काढून गावी परतलेल्या आणि घर मांडलेल्या तरुणाविषयी हे वापरता येईल.

"लुक अप टू" म्हणजे आदराने पाहणे आणि "लुक डाऊन ऑन" म्हणजे तुच्छ लेखणे. वर पाहण्यात मान आणि खाली पाहण्यात अवहेलना, ही कल्पना मराठीसही मानवते. आपणही "डोक्यावर घेतले" आणि "नजरेतून उतरला" असे म्हणतोच. "लेट डाऊन" म्हणजे भरवसा ठेवणाऱ्याची निराशा करणे, ऐन वेळी हात सोडणे. याच्या उलट "स्टँड बाय" म्हणजे संकटात पाठीशी उभे राहणे, आणि "काउंट ऑन" म्हणजे एखाद्यावर भिस्त ठेवणे. "काउंट" याचा मूळ अर्थ मोजणे. ज्याला आपल्या माणसांत धरावे, मोजावे, त्याच्यावर भिस्त ठेवावी, असा हा प्रवास आहे.

"पुट अप विथ" म्हणजे निमूटपणे सोसणे. शेजाऱ्याचा गोंगाट, पाहुण्याचा हट्ट, वडिलांचा तापट स्वभाव यांसाठी ते योग्य. परंतु मारहाण, छळ यांच्या बाबतीत हे क्रियापद जपून वापरावे. त्यात सोसणाऱ्याने चालवून घेतल्याची छटा येते.

रुसवे, भांडण आणि समेट

"टेल ऑफ" म्हणजे कानउघाडणी करणे, रागे भरणे. "फॉल आउट" म्हणजे बिनसणे, वितुष्ट येणे. बांधावरून दोन भावांत अबोला धरला गेला, तर "द ब्रदर्स फेल आउट ओव्हर अ फील्ड" असे म्हणावे. यात हाणामारीचा अर्थ नाही. संबंध तुटल्याचा किंवा ताणल्याचा आहे. पुढे समेट झाला की "दे मेड अप". "मेक अप" या शब्दाने आपणास रंगभूषा आठवते. "मेक अप अ स्टोरी" म्हणजे गोष्ट रचणे, थाप मारणे, असाही एक अर्थ आहे. दोघे माणसे भांडणानंतर "मेक अप" करतात तेव्हा मात्र तो गोडी होण्याचाच अर्थ असतो.

विवाहाच्या संदर्भात "ऑफ" या शेपटाची तीन क्रियापदे नीट वेगळी ठेवली पाहिजेत. "पुट ऑफ" म्हणजे पुढे ढकलणे. "कॉल ऑफ" म्हणजे ठरलेला समारंभ रद्द करणे. "ब्रेक ऑफ" म्हणजे जुळलेला संबंधच मोडणे, जसे साखरपुडा मोडणे. घरात सुतक आले म्हणून लग्नाची तारीख पुढे गेली असताना परदेशातील आप्तांना "द वेडिंग हॅज बीन कॉल्ड ऑफ" असे कळविले, तर ते सोयरिक मोडली असेच समजतील, आणि त्याचा मनस्ताप दोन्ही घरांना होईल.

वियोग आणि वारसा

"पास अवे" म्हणजे निधन पावणे. "मरणे" याऐवजी आपण "गेले", "वारले" असे म्हणतो, तसाच हा सौम्य शब्द आहे. त्याची गल्लत "पास आउट" याच्याशी होऊ देऊ नये. आपल्याकडे पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यास "पास आउट झाला" असे म्हणण्याचा प्रघात आहे. लष्करी छात्रांचे शिक्षण पूर्ण झाले की ब्रिटिश इंग्रजीतही हा शब्द चालतो. एरव्ही मात्र इंग्लंड-अमेरिकेतील वाचक त्याचा अर्थ शुद्ध हरपणे असा घेतो. "माय डॉटर पास्ड आउट इन जून" या वाक्याने तेथील आप्त आनंदण्याऐवजी घाबरून जातील.

"गेट ओव्हर" म्हणजे दुःखातून किंवा आजारातून सावरणे. "हँड डाऊन" म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या सोपवीत येणे. पणजीची नथ, देवघरातील टाक, मूर्ती घडविण्याची कला यांसाठी हे क्रियापद योग्य होय.

क्रियापदात दडलेली साक्ष

आतापर्यंतचा भाग भाषेच्या शुद्धतेचा झाला. यापुढील मुद्दा अधिक गंभीर आहे आणि अधिकारी व शिक्षक यांनी त्याकडे विशेष लक्ष द्यावे, अशी अपेक्षा आहे. कौटुंबिक घटनेचे वर्णन करणारे क्रियापद घटना तर सांगतेच. त्याबरोबर जबाबदारी कोणाची, हेही सांगून जाते.

एक विवाहिता माहेरी येऊन राहिली आहे, अशी कल्पना करू. मराठीत आपण "ती माहेरी आली", "तिला नवऱ्याने टाकले", "ती नांदत नाही" अशा तीन प्रकारांनी बोलतो, आणि तिन्हींचा न्याय निराळा असतो. पहिल्यात दोष कोणावरच नाही, दुसऱ्यात तो पतीवर आहे, तिसऱ्यात तो नकळत तिच्यावर ढकलला गेला आहे. इंग्रजीतही हेच घडते. "दे स्प्लिट अप" म्हणजे दोघे वेगळे झाले. येथे दोषारोप नाही. "ही थ्रू हर आउट" म्हणजे त्याने तिला घराबाहेर काढले. "शी वॉक्ड आउट ऑन हिम" म्हणजे ती त्याला वाऱ्यावर सोडून निघून गेली. तिन्ही क्रियापदे कोशात जवळजवळ सापडतात, म्हणून त्यांतील कोणतेही एक उचलणे हा मोठा अन्याय ठरू शकतो.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ अन्वये संरक्षण अधिकाऱ्यांना घटनेचा अहवाल तयार करावा लागतो. खालच्या न्यायालयांतील मराठी कागदपत्रे उच्च न्यायालयात जाताना इंग्रजी भाषांतराने जातात. भाषांतर करणाऱ्याने "ती माहेरी आली" या वाक्यासाठी "शी वॉक्ड आउट" असे लिहिले, तर तिने न केलेले विधान तिच्या तोंडी घातले जाईल. अशा वेळी "शी वेंट टू लिव्ह विथ हर पेरेंट्स" असे साधे, निर्लेप वाक्य लिहावे. जेथे दोष सांगितलेला नाही, तेथे दोष सांगणारे क्रियापद वापरू नये; आणि जेथे तिने स्पष्ट सांगितले आहे की मला घराबाहेर काढले, तेथे ते सौम्य करून "स्प्लिट अप" असेही लिहू नये.

मुलाच्या पालकत्वाविषयी लिहितानाही हीच दक्षता हवी. आईवडील नसलेल्या एखाद्या मुलीस मामाने पाच वर्षांची असल्यापासून सांभाळले आहे. तिच्या शिष्यवृत्तीच्या शिफारसपत्रात "हर अंकल लुक्स आफ्टर हर" असे लिहिले, तर वाचणाऱ्यास वाटेल की मामा तिच्याकडे सध्या लक्ष देतो, एवढेच. कदाचित शाळा सुटल्यावर दोन तासही. "हर मॅटर्नल अंकल हॅज ब्रॉट हर अप सिन्स शी वॉज फाइव्ह" असे लिहिले की तेरा-चौदा वर्षांचे पालनपोषण त्या एका क्रियापदात उभे राहते. दोन्ही वाक्ये व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहेत; पण मामाचे सारे आयुष्य दुसऱ्याच वाक्यात आले आहे.

वाक्यरचनेचे नियम

या क्रियापदांचे रचनेच्या दृष्टीने चार वर्ग पडतात.

पहिल्या वर्गात क्रियापद व शेपूट यांच्यामध्ये कर्म येऊ शकते. "ब्रिंग अप", "टेल ऑफ", "लेट डाऊन", "पुट ऑफ", "कॉल ऑफ", "ब्रेक ऑफ", "थ्रो आउट", "हँड डाऊन" ही या वर्गातील होत. "शी ब्रॉट अप थ्री चिल्ड्रन" आणि "शी ब्रॉट थ्री चिल्ड्रन अप" ही दोन्ही वाक्ये बरोबर. परंतु कर्म सर्वनाम असेल तर ते मध्येच आले पाहिजे : "शी ब्रॉट देम अप" हे शुद्ध, "शी ब्रॉट अप देम" हे अशुद्ध.

दुसऱ्या वर्गात शेपूट क्रियापदापासून अलग होत नाही. "लुक आफ्टर", "टेक आफ्टर", "स्टँड बाय", "काउंट ऑन" तसेच "गेट ओव्हर" यांच्यानंतरच कर्म येते. "ही लुक्ड हर आफ्टर" असे कधीही म्हणू नये.

तिसरा वर्ग तीन शब्दांचा. "गेट ऑन विथ", "लुक अप टू", "लुक डाऊन ऑन", "पुट अप विथ", "वॉक आउट ऑन" यांतील शब्द एकत्रच राहतात. "फॉल आउट" व "मेक अप" यांना ज्याच्याशी भांडण किंवा समेट झाला ती व्यक्ती सांगावयाची असल्यास "विथ" जोडावे.

चौथ्या वर्गात कर्मच नसते. "ग्रो अप", "सेटल डाऊन", "स्प्लिट अप", "पास अवे" ही त्यातील उदाहरणे. "नेम आफ्टर" याची रीत थोडी निराळी असून ज्याचे नाव ठेवले तो मध्ये आणि ज्याच्यावरून ठेवले तो शेवटी येतो : "दे नेम्ड हिम आफ्टर हिज ग्रँडफादर".

याखेरीज भाषेची पातळीही ओळखावी. शासकीय पत्रात "पोस्टपोन", "कॅन्सल", "क्वॉरल", "सेपरेट" असे शब्द शोभतात; घरगुती पत्रात व बोलण्यात त्यांच्या जागी अनुक्रमे "पुट ऑफ", "कॉल ऑफ", "फॉल आउट", "स्प्लिट अप" येतात. प्रमाणपत्रात "पास्ड अवे" न लिहिता "डाइड" लिहावे. सांत्वनपत्रात मात्र "पास्ड अवे" हेच योग्य. "टेल ऑफ" तर कचेरीच्या कागदावर टाळलेलेच बरे.

वर्गात कसे शिकवावे

महाराष्ट्रात २०००-०१ या शैक्षणिक वर्षापासून मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी पहिलीपासून शिकविण्यास प्रारंभ झाला. मुलांच्या कानावर इंग्रजी लवकर पडू लागले, ही जमेची बाजू. तथापि जोडक्रियापदांच्या लांबलचक याद्या पाठ करून घेण्याची पद्धत अनेक ठिकाणी चालू राहिली. "लुक" या एका शब्दाची आठ-दहा रूपे एका दिवसात दिली की मुलाच्या मनात त्यांचा काला होतो. त्याऐवजी प्रसंगाप्रमाणे क्रियापदे द्यावीत आणि एका आठवड्यात पाचांहून अधिक देऊ नयेत.

एक साधा उपक्रम सुचवावासा वाटतो. प्रत्येक विद्यार्थ्याने घरी जाऊन आजी, आजोबा किंवा अन्य वडीलधाऱ्या माणसास मराठीतूनच तीन प्रश्न विचारावेत. आपणास कोणी वाढविले? आपण कोणाच्या वळणावर गेलात? अडचणीच्या वेळी पाठीशी कोण उभे राहिले? मिळालेली उत्तरे प्रथम मराठीत लिहावीत व नंतर वर्गात इंग्रजीत करावीत. कोणाच्या घरी वियोगाचे वा कलहाचे दुःख असेल, तर त्या विद्यार्थ्यास उत्तरासाठी आग्रह करू नये. या उपक्रमाने क्रियापद मुलाच्या स्वतःच्या माणसाशी जोडले जाते, आणि तसे जोडले गेलेले सहसा विसरत नाही.

नमुन्यादाखल पुढील उतारा वर्गात वाचून घ्यावा.

"आय ग्रू अप इन रोहा. माय पेरेंट्स वर्क्ड इन मुंबई, सो माय ग्रँडमदर ब्रॉट मी अप. पीपल से आय टेक आफ्टर हर. माय फादर अँड माय अंकल फेल आउट ओव्हर अ फील्ड, बट दे मेड अप बिफोर माय सिस्टर्स वेडिंग. व्हेन माय ग्रँडमदर वॉज इल, माय अंकल लुक्ड आफ्टर हर. शी पास्ड अवे लास्ट यर. माय फादर हॅज नॉट गॉट ओव्हर इट."

याचा मराठी आशय असा : "मी रोह्यात लहानाची मोठी झाले. आईवडील मुंबईत नोकरीस असल्याने मला आजीने वाढविले. मी तिच्याच वळणावर गेले आहे, असे लोक म्हणतात. शेतावरून वडिलांचे व काकांचे बिनसले होते. पण ताईच्या लग्नाआधी त्यांच्यात गोडी झाली. आजी आजारी असताना काकांनीच तिला सांभाळले. ती गेल्या वर्षी वारली. वडील अजून त्या दुःखातून सावरलेले नाहीत." इंग्रजी उताऱ्यात "अंकल" या शब्दाने काका की मामा हे कळत नाही. तेथे "माय फादर्स ब्रदर" असे लिहिल्यास ती उणीव भरून निघते.

स्वाध्याय

पुढील वाक्ये योग्य जोडक्रियापद वापरून इंग्रजीत करावीत. १) पावसामुळे लग्न पुढे ढकलले. २) त्या दोघी जावांचे चांगले पटते. ३) आजोबांच्या नावावरून नातवाचे नाव ठेवले. ४) गुरुजींनी त्याची कानउघाडणी केली. ५) संकटात धाकटा दीर तिच्या पाठीशी उभा राहिला. ६) ही नथ पणजीपासून चालत आली आहे.

उत्तरे : १) दे पुट ऑफ द वेडिंग बिकॉज ऑफ द रेन. २) द टू सिस्टर्स-इन-लॉ गेट ऑन वेल. ३) दे नेम्ड द बॉय आफ्टर हिज ग्रँडफादर. ४) द टीचर टोल्ड हिम ऑफ. ५) हर हजबंड्स यंगर ब्रदर स्टुड बाय हर. ६) धिस नोज-रिंग वॉज हँडेड डाऊन फ्रॉम माय ग्रेट-ग्रँडमदर.

समारोप

इंग्रजी लिहिता येणे हे ग्रामीण भागात अजूनही एक प्रकारचे अधिकारपद आहे. ज्याला ते येत नाही, तो आपल्या घरातील सुखदुःख दुसऱ्याच्या लेखणीवर सोपवितो आणि काय लिहिले गेले, हे त्यास वाचून पाहता येत नाही. म्हणून लिहून देणाऱ्याने लेखन पूर्ण झाल्यावर प्रत्येक वाक्याचा अर्थ त्या माणसास पुन्हा मराठीत सांगावा आणि "आपण हेच म्हणालात ना?" असे विचारावे. तो मान हलवील तेव्हाच कागदावर सही घ्यावी.